अवयव हाती नाहीत, पण आहेत हे नक्की

मागच्या वेळी आपण प्रमाणांबद्दल बोललो. आज एका संख्येकडे बघू. दोनाचा 1277वा घात घ्या आणि त्यातून 1 वजा करा. ही संख्या 385 अंकी येते. ती मूळ संख्या नाही, संयुक्त आहे, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे 1 सोडून दोन लहान संख्यांचा गुणाकार करून ती मिळते. पण त्या दोन संख्या कोणत्या? एकही अवयव आजवर कुणाला सापडलेला नाही.

मग संयुक्त आहे हे कळलं कसं? एक लहान उदाहरण घेऊ, म्हणजे गूढ वाटणार नाही. फर्माचा नियम असा, की संख्या मूळ असेल (आणि 2 पेक्षा मोठी असेल), तर दोनाचा तिच्याहून एकाने कमी घात घेऊन तिनेच भागल्यावर बाकी 1 उरायला हवी. 91 घ्या. 2 चा 90वा घात, भागिले 91. नव्वद वेळा गुणत बसायचं नाही, वर्ग करत, बाकी घेत जायचं. बाकी येते 64. संपलं! 91 मूळ नाही. 7 आणि 13 ही नावं आपण उच्चारलीसुद्धा नाहीत. (उलट मात्र चालत नाही. 341 ही परीक्षा पास होते, आणि ती आहे 11 गुणिले 31.)

आपल्या 385 अंकी संख्येसारख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्यांच्यासाठी ल्यूका यांनी शोधलेली आणि लेमर यांनी 1930 साली नीट बसवलेली कसोटी याहून पक्की आहे. 4 पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, 2 वजा करायचे, संख्येने भागून बाकी ठेवायची, पुन्हा तेच. 31 साठी 4, 14, मग 194 ची बाकी 8, मग 64 वजा 2 म्हणजे 62, बाकी शून्य. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त. 1277 साठी अशा 1275 पायऱ्या लागतात. संगणकाला हे काम काहीच नाही.

हे आधीही घडलंय. मर्सेन यांनी 1644 साली दोनाचा 67वा घात वजा 1 मूळ असल्याचं लिहिलं होतं. 1876 साली ल्यूका यांनी ती संयुक्त ठरवली, पण अवयव न देता. ते 1903 साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: 193707721 आणि 761838257287. मधली 27 वर्षं गणितज्ञांना ‘आहेत’ एवढंच माहीत होतं.

आपल्या नैयायिकांना हे ओळखीचं वाटलं असतं. डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही, तरी अग्नीचं ज्ञान होतं. पण आम्हाला ही तुलना थोडी लंगडी वाटते. धूर-अग्नीची व्याप्ती अनुभवातून येते. इथली व्याप्ती सिद्ध केलेली आहे, त्यात शंकेला जागाच नाही.

कुणी म्हणेल, ब्राउवर आणि त्यांचे अंतःप्रज्ञावादी हे मान्य करतील का? वस्तू रचून दाखवल्याशिवाय ‘आहे’ म्हणू नका, हा त्यांचा आग्रह. गंमत अशी, की इथे ते मान्य करतात. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं तर अवयव सापडणारच. शोध मर्यादित आहे. ते वर्गमूळ मात्र 193 अंकी आहे! ‘तत्त्वतः शक्य’ या दोन शब्दांवर एवढं ओझं टाकावं का, हा आमच्या मते खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो गणिती लोक फार सहज ओलांडून जातात.

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची गुप्तलेखनाची पद्धत याच दरीवर उभी आहे: संख्या मूळ की संयुक्त हे ठरवणं सोपं, अवयव काढणं अवघड. 1977 साली आव्हान म्हणून दिलेल्या 129 अंकी संख्येचे अवयव 1994 साली निघाले. पण अवयव काढण्याची सोपी रीत नाहीच, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. ती सापडलेली नाही, इतकंच.