हिवतापाविरुद्धचा लढा आणि प्रसारमाध्यमे

पावसाळ्यात गंगेला पूर आला की वाराणसीतील अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर त्यांवर गाळाचा थर उरतो. अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेला हा घाट दशाश्वमेध घाटाच्या निकट असून काशीयात्रेला जाणाऱ्या मराठी भाविकांच्या परिचयाचा आहे. पुराची आणि घाट धुऊन काढण्याच्या कामाची छायाचित्रे वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतात. नदीपात्रातील डबकी, घरांवरील उघड्या टाक्या आणि बांधकामांचे खड्डे यांत साचून राहिलेले पाणी मात्र क्वचितच बातमीचा विषय होते. हिवताप अर्थात मलेरिया पसरविणारा अ‍ॅनोफिलीस डास अशाच पाण्यात वाढतो.

वाराणसी हे देशातील हिवतापाचे मोठे केंद्र नव्हे. तरीही यात्रेच्या अशा ठिकाणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. बाधित डास चावल्यानंतर लक्षणे दिसू लागण्यास साधारणतः १० ते १५ दिवस लागतात. काही वेळा त्याहूनही अधिक. यात्रेत डास चावलेला भाविक ताप येईपर्यंत आपल्या गावी परतलेला असतो. हीच गोष्ट स्थलांतरित मजुरांना लागू पडते. जिल्ह्याच्या आवृत्तीतील बातमी जिल्ह्याच्या सीमेवर थांबते. रोगाला ती सीमा नसते. म्हणून ताप आल्यास डॉक्टरांना अलीकडील प्रवासाची माहिती द्यावी आणि रक्ततपासणी करून घ्यावी, हा साधा संदेश देशभर सातत्याने पोहोचविणे हे माध्यमांचे पहिले काम ठरते.

रुग्ण घटले, लक्षही घटले

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख मृत्यू होत असत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी आणि घरोघरी जाऊन घेतलेले रक्तनमुने यांमुळे १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. त्यानंतर डासांनी कीटकनाशकांना दाद देणे कमी केले, साधनसामग्री अपुरी पडू लागली आणि पाहणीत शैथिल्य आले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली.

श्रीलंकेचा अनुभवही असाच आहे. १९६३ मध्ये तेथे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले; त्याच दशकाच्या अखेरीस ही संख्या लाखांच्या घरात पोहोचली. पुढे अनेक दशकांच्या अखंड प्रयत्नांनंतर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त घोषित केले.

रुग्ण वाढले की बातमी होते, घटले की ती थांबते. वास्तविक रुग्ण घटत असतानाच फवारणी होते काय, कर्मचाऱ्यांची पदे भरली आहेत काय, निधी वेळेवर मिळतो काय, हे विचारले जाणे अगत्याचे असते.

‘रहस्यमय ताप’ या मथळ्याचा धोका

२०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली आणि बदायूँ जिल्ह्यांत तापाने अनेकांचे मृत्यू झाले. प्रारंभी अनेक ठिकाणी ‘रहस्यमय ताप’ असेच त्याचे वर्णन केले गेले. तपासणीची व्याप्ती वाढविल्यावर हिवतापाचे हजारो रुग्ण आढळले आणि त्यांत फॅल्सिपेरम या घातक प्रकाराचाही समावेश होता. २०२१ मध्ये फिरोजाबाद येथेही तापाला ‘रहस्यमय’ म्हटले गेले. तेथे प्रामुख्याने डेंग्यू असल्याचे निष्पन्न झाले.

अशा मथळ्यामुळे भीती पसरते, पण वाचकाला कृती सुचत नाही. किती रक्तनमुने तपासले, त्यांपैकी किती बाधित निघाले, फॅल्सिपेरमचे प्रमाण किती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात शीघ्र निदान संच व औषधे उपलब्ध आहेत काय, हे प्रश्न विचारणारी बातमी प्रशासनालाही जागे करते.

आकड्यांविषयीही हीच दक्षता हवी. भारतात हिवतापाने दरवर्षी सुमारे दोन लाख मृत्यू होत असावेत, असा अंदाज २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासात मांडण्यात आला. त्या काळातील सरकारी नोंद सुमारे एक हजार मृत्यूंची होती. जागतिक आरोग्य संघटनेने या अंदाजावर आक्षेप घेतला. तथापि, घरीच झालेल्या मृत्यूंचे कारण नोंदले जाते काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

नभोवाणीचा परिणाम

संदेश ऐकून लोक खरोखर वागणूक बदलतात काय? पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात २०१२ ते २०१५ या काळात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. सात भागांत स्थानिक नभोवाणीवरून बालआरोग्याचे संदेश दररोज अनेक वेळा प्रसारित करण्यात आले; अन्य सात भागांत ते नव्हते. जेथे संदेश ऐकविले गेले, तेथील आरोग्य केंद्रांत पहिल्या वर्षी बालकांमधील हिवतापाच्या निदानांचे प्रमाण तुलनेने ५६ टक्क्यांनी अधिक राहिले. बालमृत्यूंच्या प्रत्यक्ष सर्वेक्षणात मात्र दोन्ही भागांत स्पष्ट फरक आढळला नाही. माध्यमे आईला बालकासह आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत आणू शकतात. दाराच्या आत औषध आणि परिचारिका असणे ही शासनाची जबाबदारी आहे.

सेनेगल, कॅमेरून आदी देशांत रात्री नऊच्या सुमारास मच्छरदाणीत झोपण्याची आठवण करून देणारे संदेश प्रसारित करण्यात आले. अ‍ॅनोफिलीस डास प्रामुख्याने रात्री चावत असल्याने संदेशाची वेळही येथे महत्त्वाची ठरते.

विश्वास आणि भाषा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत डॉ. चार्ल्स बेंटली यांनी हिवतापाची चौकशी केली. शहरातील विहिरी ही डासांची प्रमुख उत्पत्तिस्थाने असल्याचे त्यांच्या १९११ च्या अहवालातून पुढे आले. विहिरी बुजविण्याच्या वा झाकण्याच्या आदेशांना धार्मिक भावनेतून विरोध झाला. महापालिकेच्या सेवेतील रुस्तम मसानी यांनी तर १९१८ मध्ये विहिरींविषयीच्या लोकश्रद्धांवर ग्रंथच प्रसिद्ध केला. विहीर केवळ पाणी देत नाही, तर ती पूज्यही असते, हे ओळखल्याविना नुसता आदेश पुरेसा ठरत नाही.

त्याच मुंबईत २०१० मध्ये हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले, तेव्हा वृत्तपत्रांत दररोज आकडे येत होते. गडचिरोलीच्या जंगलातील पाड्यांकडे मात्र तसे लक्ष क्वचितच जाते. तेथे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या कुटुंबाला प्रमाण मराठीतील फलक कितपत उमगेल, याचाही विचार व्हावा. काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे अध्वर्यू ठरले. वाचकाच्या भाषेत लिहिणे हा पत्रकारितेचा धर्म आहे, याचे ते उत्तम उदाहरण होय.

पुढील आव्हान

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांपैकी ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातील होते. भारतात २०१५ मधील ११ लाख ६९ हजार रुग्णांची नोंद २०२३ मध्ये २ लाख २७ हजारांवर आली. २०२७ पर्यंत देशांतर्गत संसर्ग शून्यावर आणून २०३० पर्यंत निर्मूलन साधण्याचे उद्दिष्ट आहे.

यापुढे रुग्ण कमी दिसतील आणि बातमीही लहान होईल. वाचकांनी घरातील पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावीत, टाक्या झाकाव्यात आणि ताप उतरला तरी औषधाची मात्रा पूर्ण घ्यावी. व्हायव्हॅक्स प्रकारचे परजीवी यकृतात सुप्त राहून पुन्हा ताप आणू शकतात. त्यासाठी दिली जाणारी प्रायमाक्विनची १४ दिवसांची मात्रा अनेकजण अर्धवट सोडतात. माध्यमांनीही आपले काम असे अर्धवट सोडू नये.