तेलाने न मिटणारी कुरकुर

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांपाशी कुरकुर सुरू झाली, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार तेलाचा येतो. दाराची बिजागरी वाजली की तेल सोडायचे, ही घराघरातली सवय; तीच गाडीला लावली जाते. गाडीखाली वाकून कोणीतरी गंज सोडवणारा स्प्रे मारतो, आवाज थोडे दिवस थांबतो, मग पुन्हा येतो, आणि दरम्यान आपण दुरुस्ती केली असे समाधान मिळते. पुढच्या सस्पेन्शनमधली कुरकुर तेल कमी पडल्यामुळे फार थोड्या वेळा येते. जिथे घसरण्याची योजनाच नव्हती तिथे काहीतरी घसरू लागले आहे, ही बातमी ती बहुतेक वेळा देत असते. म्हणून आवाज दाबण्याच्या आधी तो कुठून येतो ते शोधावे आणि तिथला झिजलेला भाग बदलावा, हाच शहाणपणाचा आणि दीर्घकाळात स्वस्ताचाही मार्ग आहे. हे का, ते समजून घ्यायला आधी कुरकुर म्हणजे काय हे पाहावे लागते.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून एक सरकवू लागलो, तर तो हलायला सुरुवात करण्यासाठी लागणारे बल हे हलता ठेवण्यासाठी लागणाऱ्या बलापेक्षा सहसा जास्त असते. स्थितिक आणि गतिज घर्षणातला हा फरक फ्रेंच अभियंता शार्ल कुलाँ याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बारकाईने अभ्यासला होता. १९३९ मध्ये फिलिप बाउडेन आणि लेबेन यांनी दाखवले, की याच फरकामुळे सरकणे सलग न होता झटक्याझटक्याने होऊ शकते. पृष्ठभाग अडकतो, मागचा लवचिक भाग ताणला जातो, ताण पुरेसा वाढला की पृष्ठभाग सुटून घसरतो, ताण उतरतो, पृष्ठभाग पुन्हा अडकतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झाले, की कानाला ती किरकिर किंवा कुईकुई ऐकू येते. हीच अडकण्या-घसरण्याची क्रिया खडकांच्या भेगांवर होऊन भूकंप घडत असावेत, हा विचार ब्रेस आणि बायरली यांनी १९६६ मध्ये मांडला; तिथे एका घसरणीत आणि पुढच्या घसरणीत शतकांचे अंतर असू शकते, एवढाच काळाचा फरक. गाडीच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी, की ही क्रिया मंद हालचालीत जास्त सहज होते. सरकण्याचा वेग वाढला, की पृष्ठभागाला अडकायला उसंतच मिळत नाही. त्यामुळे गतिरोधकावरून सावकाश जाताना कुरकुरणारी गाडी खडबडीत रस्त्यावर वेगाने जाताना गप्प असते. ‘वेगात काही वाजत नाही, म्हणजे काही बिघडलेले नाही’ हा निष्कर्ष इथेच चुकतो. वेगात रस्त्याचा आणि वाऱ्याचा गोंगाट उरलासुरला आवाजही झाकून टाकतो, ते वेगळेच.

आता हे घसरणे होते कुठे? आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत, १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून पुढे, समोरच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ही रचना १९४० च्या दशकात घडवली आणि १९५० मध्ये सादर झालेल्या फोर्डच्या ब्रिटिश बनावटीच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांनी ती रस्त्यावर आणली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. खांबाचे वरचे टोक रबरी माउंटिंगमधून बॉडीला जोडलेले. खाली लोअर आर्म, ज्याचे आतले टोक बुशांमधून चेसिसला आणि बाहेरचे टोक बॉल जॉइंटमधून चाकाच्या हबला जोडलेले. आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार, त्याचे स्वतःचे रबरी बुश आणि अनेक गाड्यांत लिंक रॉड. कुरकुरीचे संशयित एवढेच. यात सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे लोअर आर्मचा बुश. लोखंडाच्या दोन नळ्या एकात एक, आणि मधल्या जागेत दोन्ही नळ्यांना रासायनिक रीतीने चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने चेसिसला घट्ट आवळलेली असते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. चाक वरखाली झाले की आर्म काही अंश फिरतो, आणि ते फिरणे पूर्णपणे रबराच्या पोटात पिळले जाते. रबराचे लांब रेणू ताणले जातात आणि परत येतात. एकही पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकत नाही. म्हणून या सांध्याला वंगण लागत नाही आणि तो धडधाकट असेपर्यंत आवाजही करत नाही. तो कुरकुरू लागला, तर रबर नळीपासून सुटले आहे किंवा फाटून त्याच्याच दोन कडा एकमेकींवर घासत आहेत, असा अर्थ निघतो. दोन्हींवर तेलाचा इलाज नाही.

तेलाची सवय आली कुठून, याचेही उत्तर आहे, आणि त्यात जुन्या फिटर मंडळींची काही चूक नाही. अँबॅसडरच्या काळच्या गाड्यांत पुढच्या चाकांचे सांधे धातूवर धातू फिरणारे होते. त्यांना ग्रीस निपल असत आणि ठरावीक अंतर चालल्यावर ग्रीस गनने त्यात ग्रीस भरणे सक्तीचे होते. त्या सांध्यांची कुरकुर खरोखरच वंगण संपल्याची सूचना होती. रचना बदलली, सांधे रबरी झाले किंवा कारखान्यातच ग्रीस भरून बंद केले गेले, पण हातातली सवय मात्र राहिली. नैसर्गिक रबराला ती महागात पडते. खनिज तेल रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद जाते. आवाज थांबतो तो पृष्ठभागांमध्ये तेलाचा थर आल्यामुळे. तो थर धुऊन गेला की आवाज परततो, आणि तोवर बुश आणखी खराब झालेला असतो. स्टॅबिलायझर बारचे बुश हा यातला अपवाद म्हणता येईल. पुष्कळ गाड्यांत बार त्या रबरात चिकटवलेला नसतो, थोडासा फिरतोच, आणि धूळ शिरली की आवाज करतो. तिथे रबराला न खाणारे सिलिकॉन ग्रीस काही काळ उपयोगी पडते. पण भोक लंबुळके झाले असेल, तर तिथेही बुश बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

‘गाडी फार चाललेलीच नाही, मग बुश कसे जातील?’ हा आक्षेप घरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे मालक हमखास घेतात. झीज किलोमीटरवर मोजायची, हे टायरला बऱ्याच अंशी लागू पडते. रबरी बुशाला अर्धवटच. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, तेव्हा रबराचे रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना बांधले गेले. पण नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध शिल्लक राहतात, आणि हवेतला ऑक्सिजन व त्याहून जास्त ओझोन नेमके तेच बंध तोडतात. जमिनीलगतच्या हवेत ओझोन दहा कोटी भागांत जेमतेम काही भाग असतो, तरी ताणाखाली असलेल्या असुरक्षित रबराला भेगा पाडायला तेवढा पुरतो. या भेगा ताणाच्या आडव्या दिशेने जातात, म्हणून हातात घेतलेल्या जुन्या बुशावर त्या सहज ओळखता येतात. रबरात मिसळलेली संरक्षक रसायने आणि मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन झीज थोपवतात, पण तो साठा कधीतरी संपतो. त्यात इंजिनची उष्णता आणि गळणारे तेल यांची भर पडते. पंधरा वर्षांची गाडी दारात उभी असली, तरी तिचे रबर पंधरा वर्षांचेच असते.

आवाज शोधणे हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे, आणि बदललेला भाग निर्दोष निघण्याचे मोठे कारण हेच. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो, हवेत ३४० च्या आसपास. सांध्यातली थरथर क्षणात सगळ्या बॉडीत पसरते आणि मोठा, पातळ पत्रा तिला आवाज देतो. कान सांगतात ती जागा बऱ्याचदा खरी नसते. बोटे जास्त भरवशाची. गाडी उभी करून दुसऱ्या माणसाने बॉनेटजवळ दाब देत तिला वरखाली करावे आणि पाहणाऱ्याने एकेका सांध्याला हात लावावा. जिथे आवाजाबरोबर बारीक थरथर लागते, तो सांधा दोषी. बोटे चिमटणार नाहीत अशा जागीच हात लावावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. याहून सोपी कसोटी पाण्याची आहे. एका वेळी एकाच बुशावर साधे पाणी मारून गाडी हलवावी. आवाज थांबला, तर जागा सापडली, आणि पाण्याने रबराचे काही बिघडलेले नाही. पावसात गप्प होणारी आणि उन्हात बोलणारी गाडी हीच कसोटी न सांगता देत असते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना करकर आली, तर मात्र बुशांपेक्षा बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग यांच्याकडे आधी पाहावे, कारण स्टिअरिंगबरोबर फिरतात ते हेच दोन.

कुरकुर त्रासदायक असली तरी धोकादायक नाही, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. स्टॅबिलायझरचा बुश कुरकुरत राहिला, तर गाडीतल्या माणसांना वैताग येण्यापलीकडे लगेच काही होत नाही. पण बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी. पोलादी गोळा, त्याभोवती प्लॅस्टिकची वाटी, आत ग्रीस आणि वरून रबरी बूट. बूट फाटला की धूळ-पाणी आत शिरते, ग्रीस जाते, गोळ्यावर गंज चढतो, आणि मग करकर सुरू होते. पुढे वाटी झिजून सांध्यात ढिलेपणा (प्ले) आला की करकर कमी होऊन खड्ड्यात टकटक ऐकू येऊ लागते. आवाज बदलला म्हणजे सुधारणा झाली, असे समजणे इथे घातक ठरते, कारण गोळा वाटीतून निसटला तर चाकाचा खालचा आधारच जातो. आवाज किती मोठा आहे यावरून धोका किती हे ठरत नाही. कुठला सांधा बोलतो आहे, यावरून ठरते. म्हणून तर शोध आधी.

यावर काही गॅरेजांत ‘सगळेच बदलून टाकू’ असा सल्ला मिळतो. तो सरसकट नाकारावा असे नाही. लोअर आर्म उतरवला, की त्याचे दोन्ही बुश आणि बॉल जॉइंट हातात येतातच. बुश प्रेसवर काढण्या-घालण्याची मजुरी लक्षात घेता पूर्ण आर्म नवा घालणे कधी कधी परवडते. दुसऱ्या बाजूचे रबरही त्याच वयाचे असल्याने जोडीने बदलण्यालाही अर्थ आहे. पण वरचे माउंटिंग बदलायचे, तर दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते. दर मिलिमीटरला २५ न्यूटन बल लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात सुमारे २८० ज्यूल ऊर्जा साठते. जवळपास २८ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे तेवढी. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हे काम कोणीही करू नये, आणि गरज नसताना करवूनही घेऊ नये. पॉलियुरेथेनचे कडक बुश ‘कायमचे’ म्हणून विकले जातात, त्याबद्दलही सावध राहावे. ते बहुधा नळीला चिकटवलेले नसतात, तिच्यावर फिरतात. म्हणजे घसरणारा पृष्ठभाग आपण पैसे देऊन विकत घेतो, आणि ग्रीस सुकले की तीच कुरकुर परत येते.

नवा बुश बसवताना होणारी एक चूक मात्र फार महत्त्वाची आहे, आणि ती करवून घेणाऱ्यालाही ओळखता येते. लिफ्टवर गाडी असताना चाके लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर बुशाची आतली नळी त्या स्थितीत कैद होते. गाडी खाली उतरली, वजन चाकांवर आले, की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळले जाते; असा बुश लवकर फाटतो आणि दोष पार्टच्या माथी येतो. बोल्ट हातापुरते लावून, गाडीचे वजन चाकांवर आणून, मगच ते कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचे असतात. गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर गाडी घेऊन किंवा रँपवर हे सहज होते. आर्म किंवा स्टिअरिंगच्या टाय रॉडला हात लागला असेल, तर त्यानंतर व्हील अलाइनमेंट; नाहीतर नवे बुश शांत राहतील आणि टायरची एक कड झिजत जाईल. काम घेताना फिटरला एवढेच विचारावे: शेवटचे आवळणे गाडी खाली उतरवून करणार ना?