शिफ्ट बदलली, मग आजारपणाच्या रजेचं काय?

साताऱ्यातलं कंदी पेढ्यांचं दुकान असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, कामाचे तास वर्षभर सारखे राहत नाहीत. हंगामात माणूस पूर्ण दिवस लागतो. हंगाम सरला की त्यातल्याच एखाद्या ताईंना तुम्ही अर्ध्या दिवसावर आणता. पगार लगेच बदलतो, शिल्लक रजेचा हिशोब मात्र कोणी करत नाही. मग ताई आजारी पडल्या की वाद.

आधी कायदा बघू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची रजा असा वेगळा प्रकार नाही. वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, ती तिमाहीप्रमाणे जमा होते. ताप-खोकला त्यातूनच भागवायचा. अगदी छोट्या दुकानांना ही तरतूद लागू होत नाही, पण माणूस टिकवायचा असेल तर तुम्हीही ८ चाच आकडा धरा.

आता गणित. ताई आठ तास यायच्या, ६ दिवस शिल्लक, म्हणजे ४८ तास. आता त्या चार तासांवर आल्या. वहीत तुम्ही ‘६ दिवस’ तसेच ठेवले तर पैसे मिळणार २४ तासांचे. कमावलेली अर्धी रजा गेली की! म्हणून इथे तास धरा: ४८ तास, म्हणजे चार तासांचे १२ दिवस. पुढे जमा होणारा दिवस मात्र चार तासांचा.

उलट झालं तर? चारवरून आठ तास, शिल्लक ४ दिवस. तासांनी मोजलं तर १६ तास, म्हणजे फक्त २ दिवस. कागदावर बरोबर आहे हो, पण ताप काही तास बघून येत नाही. माझ्या दुकानात मी इथे ४ दिवसच ठेवतो. जादा १६ तास, तासाला ६० रुपये धरले तर ९६० रुपये. दिवाळीच्या तोंडावर तापाने फणफणलेला माणूस काउंटरवर उभा करण्यापेक्षा हे स्वस्त.

मोठ्या आजारपणाला ८ दिवस पुरत नाहीतच. कामगाराची ईएसआयमध्ये नोंद असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये) आणि हप्ते नियमाप्रमाणे भरलेले असतील, तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते.

तास बदलले त्याच दिवशी वहीत तारीख, जुने तास, नवे तास आणि शिल्लक रजा लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. वहीचं पान कसं आखायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.