सिकलसेल आणि गरोदरपण : कुटुंबासाठी माहिती

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो शिवाशिवीने, खाण्यापिण्यातून किंवा कोणाच्या दोषामुळे होत नाही; आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नाश पावतात. म्हणून वारंवार अंगदुखी, रक्ताची कमतरता व जंतुसंसर्ग होतो. मध्य, पश्चिम व दक्षिण भारतातील आदिवासी भागांत, विदर्भात व नंदुरबारमध्येही, या आजाराचे प्रमाण अधिक आहे. मात्र तो केवळ आदिवासींचा आजार नव्हे.

ज्या स्त्रीला एकाच पालकाकडून हे जनुक मिळाले असेल, ती वाहक होय. वाहक स्त्रीचे गरोदरपण बहुधा सर्वसामान्यच असते. दोन्ही पालकांकडून जनुक मिळालेली स्त्री रुग्ण असते, आणि खरी दक्षता तिच्याबाबत घ्यावयाची आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीवरून वाहक व रुग्ण हा भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी आवश्यक असते.

पत्नीची तपासणी झाली की पतीचीही त्वरित व्हावी. येथे अनेक घरांत टाळाटाळ होते, आणि तेवढ्यात मोलाचे आठवडे निघून जातात. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढच्या वेळची शक्यता बदलत नाही. पत्नी रुग्ण व पती वाहक असेल, तर ती शक्यता 50 टक्के होते. पती वाहक नसेल, तर मुले केवळ वाहक होतात. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते. ती करावी की नाही, हा निर्णय दांपत्याचा आहे. परंतु माहिती वेळेत मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण ते सामान्यतः तीन महिने अगोदर थांबविले जाते. औषध चालू असतानाच दिवस राहिल्यास घाबरून न जाता लगेच डॉक्टरांना भेटावे.

फॉलिक आम्लाची गोळी या मातांना जास्त मात्रेची, बहुधा दररोज 5 मिलिग्रॅम, दिली जाते. लोहाच्या गोळ्यांचे मात्र तसे नाही. गरोदर स्त्रीला लोह द्यावेच, ही सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. पण सिकलसेल रुग्णाच्या, विशेषतः वारंवार रक्त चढविलेल्या स्त्रीच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. रक्ततपासणीत लोहाची कमतरता दिसली तरच ते द्यावयाचे असते. म्हणून गोळ्या घेताना आपले सिकलसेल कार्ड दाखवावे. रक्तदाब वाढण्याचा धोका या मातांना अधिक असल्याने डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून अॅस्पिरिनची अल्प मात्राही सुचवितात. दुखण्यावर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये.

पाणी भरपूर प्यावे. बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, या समजुतीने गरोदर सुनेला जेवण व पाणी कमी देण्याची रीत काही घरांत आजही आहे. सिकलसेलमध्ये ती थेट घातक आहे, कारण शरीरातील पाणी घटताच पेशी अडकू लागतात. थंडी, कडक ऊन व अतिश्रम यांमुळेही तेच घडते. उलट्या थांबत नसतील तर सलाईन लावण्यासाठी केंद्रात जावे.

छातीत दुखणे, धाप, ताप, असह्य अंगदुखी, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर सूज, एका पायाला सूज येऊन दुखणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. 108 किंवा 102 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखून धाप लागणे हे फुप्फुसांतील गंभीर गुंतागुंतीचे लक्षण असू शकते आणि काही तासांत प्रकृती बिघडू शकते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. परंतु रुग्ण मातेस याहून अधिक वेळा बोलाविले जाऊ शकते. प्रसूती रक्तपेढी व तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच व्हावी. रुग्णालय दूर असल्यास शेवटच्या आठवड्यांत कोठे राहावयाचे, सोबत कोण येणार, हे आशा कार्यकर्तीसह आधीच ठरवावे. केवळ सिकलसेल आहे म्हणून शस्त्रक्रियेची गरज नसते.

बाळंतपणानंतरही काही आठवडे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका राहतो, म्हणून मातेला लवकर उठवून हिंडते-फिरते करावे. आईच्या दुधातून सिकलसेल बाळाला होत नाही. स्तनपान अवश्य करावे. बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून त्याची तपासणी करता येते. पुढील गर्भधारणा लांबविण्यासाठी साधन निवडताना आजाराची कल्पना द्यावी, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या मातांना सहसा दिल्या जात नाहीत.