डिझेलमधला गंधक जातो कुठे?



ऊस गव्हाणीत पडेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रकला डिझेल किती लागते, ते वाहतूकदारांना ठाऊकच आहे. मुंबईच्या माहुल रिफायनरीतून पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल येते आणि तेथून टँकर निघतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'बीएस-६' डिझेल मिळू लागले. 'बीएस-३' डिझेलच्या १०० टनांत ३५ किलोपर्यंत गंधक चालत असे. आता मर्यादा आहे फक्त १ किलो!

हा गंधक काढतो हायड्रोजन वायू. सुमारे साडेतीनशे अंश उष्णतेत आणि मोठ्या दाबाखाली डिझेल व हायड्रोजन एकत्र सोडतात. गंधक हायड्रोजनला धरून वायूरूपाने सुटतो. पण हायड्रोजन महाग. उरलेला परत मिळवलाच पाहिजे. तो वेगळा कसा करायचा?

आपल्या व्हॅक्यूम पॅनमध्ये दाब कमी केला की पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. म्हणजे द्रव राहायचे की वाफ व्हायचे, हे उष्णता आणि दाब मिळून ठरवतात. इथेही तेच. मिश्रण थंड केले की डिझेल द्रव होऊन तळाशी बसते. हायड्रोजनला द्रव व्हायला उणे २५३ अंश लागतात, म्हणून तो वरच राहतो. आता गंमत बघा. सोड्याची बाटली तापली की वायू बाहेर पळतो, पण हायड्रोजनचे उलटे आहे. तेल जितके गरम, तितका तो त्यात जास्त विरघळतो. म्हणून आधी गार करायचे आणि दाब तसाच ठेवायचा. वरचा वायू धुऊन, पुन्हा दाबून कामाला लावतात. खालच्या तेलावरचा दाब नंतर उतरवला की विरघळलेला थोडा वायूही सुटतो.

निघालेला गंधक वाया जात नाही. तो घन करून विकतात. साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला गंधकच जाळावा लागतो, हे आपण जाणताच.

आता आपल्या कामाचे. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून त्यात वंगणाचे द्रव्य मिसळलेले असते. त्यात रॉकेल घातले की वंगण तुटते आणि पंप, नोझल झिजतात. चार पैसे वाचवायला जाऊन हंगामाच्या ऐन भरात गाडी उभी राहते. इकडे तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते.

तेव्हा एवढे कराच :

१) डिझेल पावती घेऊनच घ्या, रॉकेल मुळीच मिसळू नका.
२) पौषातल्या थंडीत अर्ध्या रिकाम्या टाकीतली दमट हवा गार होऊन पाणी सुटते. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा.
३) फिल्टरच्या वाटीतले पाणी रोज सकाळी काढा.
४) पिंप सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी