घाट उतरत येणारा ब्रेक

शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गाने पुण्याला येत होतो. गाडी मामा चालवत होता. आडोशीचा बोगदा मागे पडला, चढ लागला, आणि समोर एकापाठोपाठ एक लाल दिवे पेटत पेटत आमच्यापर्यंत आले. गाडी थांबली. लोक काचा खाली करून माना बाहेर काढू लागले. "अपघात झालाय वाटतं," मागच्या सीटवरून मामी म्हणाली. सात-आठ मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलो. मग, पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता त्या जागेच्या अलीकडेच, पुढच्या गाड्या सुटल्या. रस्ता मोकळा! मी दोन्ही बाजूंना बघत होतो. काचांचा चुरा नाही, कलंडलेला ट्रक नाही, शिट्टी फुंकणारा पोलीस नाही, टायर बदलत बसलेला क्लीनरसुद्धा नाही.

मग एवढी माणसं थांबली कशासाठी?

मामाने तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं आहे. तो म्हणाला, "वर खंडाळ्याला कुणीतरी ट्रकने ट्रक काढला असणार. वीसेक मिनिटं झाली असतील. तो गेला पुढे, त्याचा ब्रेक आत्ता खाली पोचला."

मी हसलो. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली आणि हसू मावळलं, कारण हिशेब जुळत होता.

आधी ते ट्रकने ट्रक काढणं. घाटात एक ट्रक ताशी 20 किलोमीटरने चढतोय. मागच्याच्या इंजिनात जरा जास्त दम आहे, तो 22 ने चढू शकतो. तो उजवीकडे येतो. दोन्ही ट्रक बारा-बारा मीटर लांब धरा आणि मागे-पुढे दहा-दहा मीटर अंतर. म्हणजे पुढच्याच्या मानाने त्याला 44 मीटर जास्त कापायचे आहेत, आणि दोघांच्या वेगातला फरक आहे ताशी फक्त 2 किलोमीटर, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. वेळ लागतो जवळजवळ 80 सेकंद. तेवढ्यात तो चढाचा अर्धा किलोमीटर खातो, आणि या अर्ध्या किलोमीटरभर त्याच्या मागची उजवी लेन 22 च्या वेगाला बांधली जाते. त्यातून या घाटात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. नदीला ओढा मिळावा आणि नेमकं तिथेच पात्र आवळावं, तशी जागा.

हाच खेळ सपाटीवर 78 आणि 80 च्या वेगाने झाला, तर वेळ तेवढाच लागतो, पण रस्ता जातो पावणेदोन किलोमीटर. जर्मन लोकांनी याला नावच ठेवलंय: हत्तींची शर्यत. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं आणि डावीकडून काढायचं, म्हणजे आपल्या नेमकं उलट. पण हत्ती तेच.

आता तो ब्रेक. ट्रक बाजूला आला म्हणून मागच्या गाडीने ब्रेक दाबला. तिच्या मागच्याला ते कळायला क्षणभर उशीर झाला, म्हणून त्याने जरा जोरात दाबला. त्याच्या मागच्याने आणखी जोरात. पाचवा-सहावा तर थेट उभाच राहतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत ताटकळलेल्याला हे पायांनी माहीत असतं. पुढचा सरकतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा; माणसं देवाकडे जातात आणि ते सरकणं मात्र देवाकडून आपल्याकडे येत असतं. कोंडीचंही तसंच. गाड्या घाट चढतात, कोंडी घाट उतरते.

किती वेगाने उतरते? इथे मला खरी गंमत वाटली. थांबलेल्या रांगेत एका गाडीच्या नाकापासून मागच्या गाडीच्या नाकापर्यंत साधारण साडेसात मीटर जागा असते. पुढची हलली की मागची हलायला पावणेदोन-दोन सेकंद लागतात: डोळ्यांनी बघायचं, पायाला सांगायचं, क्लच सोडायचा. साडेसात मीटर भागिले 1.8 सेकंद. ताशी 15 किलोमीटर! जगभरच्या महामार्गांवर मोजमापं झाली आहेत आणि आकडा पंधरा ते वीसच्या आसपासच येतो. गाडी कुठलीही असो, देश कुठलाही असो, कारण मोजला जातोय तो माणसाच्या डोळ्यापासून पायापर्यंतचा उशीर. वीस मिनिटांत ही लाट पाच किलोमीटर मागे येते. तेवढ्यात तो ट्रक सात किलोमीटर पुढे जाऊन चहा मागवत असतो. आपण ज्याला शिव्या घालतो तो तिथे नसतोच.

याला ट्रकसुद्धा लागत नाही, हे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगाने दाखवलं. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 230 मीटर परिघाचं एक वर्तुळ आखलं, त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि चालकांना एवढंच सांगितलं की ताशी 30 च्या वेगाने एकामागोमाग चालत राहा. सिग्नल नाही, चढ नाही, खड्डा नाही. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेदहा मीटर रस्ता. थोडा वेळ सगळं छान फिरलं. मग कुणाचा तरी पाय किंचित सैल पडला, कुणाचा किंचित घट्ट, आणि त्या गुळगुळीत वर्तुळावर एक गाठ तयार झाली. चार-पाच गाड्या चक्क उभ्या, बाकीच्या चालू, आणि ती गाठ गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी 20 च्या आसपास, गोल गोल फिरू लागली. त्या प्रयोगाचं चित्रीकरण मी चार वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी चूक कुणाची ते शोधायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी हरलो.

म्हणजे उजव्या लेनमध्ये ताशी 60 ने निवांत गाणी ऐकत चाललेल्या गृहस्थांची चूक नाही, असं मी म्हणत नाही. सगळ्यात उजवी लेन काढण्यासाठी असते. काढून झालं की डावीकडे परतायचं. हे गृहस्थ परतत नाहीत, साइड देत नाहीत, आणि त्यांच्या मागे गाड्यांची शेपटी वाढत जाते. पण मग त्या शेपटीतला एक जण वैतागतो, मधल्या लेनमध्ये घुसतो, डावीकडून काढून पुन्हा उजवीकडे कट मारतो. त्या एका वळशात दोन लेनमध्ये ब्रेक लागतात, म्हणजे दोन नव्या लाटा घाट उतरायला निघतात. माझा राग दोघांवरही आहे, पण सारखा नाही. पहिला आळशी आहे. दुसरा कारखानदार आहे, कोंडीचा.

बरं, ते गृहस्थ उजवीकडेच का चिकटतात? साध्या महामार्गावर डाव्या कडेने आठवडाभर चालवून पाहा, कळेल. उलट दिशेने येणारी मोटारसायकल, ढाब्यापुढे अर्धा रस्ता अडवून उभा ट्रक, अंधारात दिवा नसलेली उसाची ट्रॉली. उजवीकडे निदान दुभाजक आहे, तो अंगावर येत नाही. शिवाय डावी लेन खचलेली असते, आणि तिच्या खचण्यामागे एक थक्क करणारा नियम आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून सैनिकांकडून ट्रक फिरवले गेले, रस्ते मोडेपर्यंत. त्यातून निघालं ते असं: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. वजनाचा चौथा घात. मोटारीच्या आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन धरले, तर वजन वीसपट आणि झीज एक लाख साठ हजारपट! ट्रक डावी लेन मोडतात, मग तिथे हादरे बसतात म्हणून तेच ट्रक उजवीकडे सरकतात, आणि त्यांच्या मागे आपण हॉर्न वाजवत बसतो.

हॉर्नवरून राग, रागावरून भाषा. आपण गाडीत आरामात बसलेलो असतो आणि फोनवर सांगतो, "मी सिग्नलला उभा आहे." "मी पंक्चर झालोय." "तो मला घासून गेला." गाडीला नव्हे, मला. दार लावलं की आपली कातडी पत्र्यापर्यंत पसरते, आणि मग बंपरजवळ आलेला माणूस छातीशी आल्यासारखा वाटतो. रेशनच्या रांगेत पायावर पाय पडला तर समोरचा वळून चेहरा पाडतो, विषय संपतो. रस्त्यावर चेहरा नसतो, दिसते ती पाठ. ‘सॉरी’ म्हणायला वाद्य एकच, हॉर्न, आणि ‘सरक’, ‘धन्यवाद’, ‘मेलास का’ हे सगळं त्यातून एकाच सुरात वाजतं. आपल्या ट्रकांनी तर हॉर्नचं आमंत्रण पाठीवरच रंगवलं होतं. 2015 साली राज्याच्या परिवहन खात्याने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. अक्षरं बरीचशी अजून तशीच आहेत.

पण हा राग दिसतो तेवढा आंधळाही नाही. अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस या दोघांनी 1968 साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगाचा वृत्तांत छापला. सिग्नल हिरवा झाल्यावरही त्यांची गाडी मुद्दाम हलायची नाही, आणि मागचा कधी हॉर्न वाजवतो ते ते मोजायचे. कधी गाडी असायची नवीकोरी, चकचकीत क्रायस्लर, कधी जुनाट खटारा. बारा सेकंदांत खटाऱ्यामागच्या 84 टक्के चालकांनी हॉर्न वाजवला, क्रायस्लरमागच्या फक्त 50 टक्के. खटाऱ्यामागच्या दोघांनी तर हॉर्नची वाटही न बघता बंपरला धडक दिली. एरवी, "महागड्या गाडीवर आधी हॉर्न वाजवाल की साध्या?" असं कागदावर विचारलं तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी ‘महागड्या’ असं बाणेदार उत्तर दिलं होतं. आपला संताप गाडीची किंमत वाचून मगच उसळतो, हे मला त्या प्रयोगापेक्षाही पुण्याच्या चांदणी चौकात जास्त वेळा दिसलंय.

दुसरा एक अभ्यास कोलोरॅडोचा, 2008 चा. ज्यांच्या गाडीवर स्टिकर आणि सजावट जास्त, ते रस्त्यावर जास्त आक्रमक वागल्याचं सांगतात, असं त्यात आढळलं. स्टिकरवर काय लिहिलंय त्याने फरक पडत नव्हता. शांततेचा संदेश असला तरी तेच. गाडीला जितकं ‘आपलं’ केलं, तितकी तिच्यापुढची वाटही आपली वाटते. हे वाचल्यावर मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक चक्कर मारून आलो. नावं सांगत नाही.

आणि ‘शेजारची लेन पळतेय, आपलीच रखडलीय’ या दुःखाला तर 1999 साली ‘नेचर’मध्ये जागा मिळाली. टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी गणिताने दाखवलं की दोन्ही लेनचा सरासरी वेग अगदी सारखा असला तरी प्रत्येकाला शेजारची लेन वेगवान वाटेल. आपण पुढे जातो तेव्हा शेजारच्या दाटून उभ्या गाड्या झटकन मागे पडतात, चार सेकंदांत दहा. आपण रखडतो तेव्हा त्या विरळ होऊन एकेक करत, सावकाश, आपल्याला ओलांडतात. गाड्यांची बेरीज बरोबरीत सुटते, पण घड्याळाचे बहुतेक क्षण जातात मागे पडण्यात. त्यातून मागे टाकलेली गाडी नजरेआड होते आणि पुढे गेलेली डोळ्यांसमोर मिरवत राहते.

मिळतं काय या सगळ्यातून? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. तो सलग 80 ने कापला तर 71 मिनिटं, 100 ने कापला तर 57. चौदा मिनिटं वाचली. कायदा मोडून 120 ने गेलात तर आणखी साडेनऊ. दरवेळी वेग वीसनेच वाढला, बक्षीस मात्र आटत गेलं.

त्या जपानी वर्तुळाचा एक पुढचा अध्याय आहे. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अॅरिझोनात तसंच वर्तुळ मांडलं, गाड्याही वीस-बावीसच, आणि 2018 साली निष्कर्ष छापले. गाठ पडू दिली. मग त्यांतली फक्त एक गाडी संगणकाच्या ताब्यात दिली. ती धावत जाऊन पुढच्याला चिकटायची नाही. सरासरी वेग धरून चालायची, पुढे फट पडली तर पडू द्यायची. काही वेळात गाठ विरघळली. इंधनाच्या खर्चात 40 टक्क्यांपर्यंत घट झाली. बाकी सगळ्यांना सोडवायला एकच गाडी पुरली.

त्या शनिवारी, रस्ता सुटल्यावर, मामाही पुढच्या गाडीपासून दोन एसटी मावतील एवढं अंतर ठेवून चालला होता. साहजिकच एक पांढरी गाडी त्यात शिरली. मामाने पाय हलकेच उचलला, पुन्हा अंतर पडलं. आणखी एक शिरली. मामी वैतागली.

"अहो, सगळे घुसताहेत पुढे!"

"घुसू दे. ब्रेक त्यांना मारायचाय, मला नाही."

पुढे सगळ्यांचे लाल दिवे लागत होते, विझत होते. मी मामाच्या उजव्या पायाकडे बघत बसलो. लोणावळ्याच्या फाट्यापर्यंत तो ब्रेकवर एकदाही गेला नाही. आरशात एक दुधाचा टँकर दिसत होता. घाट संपेपर्यंत त्याचं अंतर होतं तेवढंच राहिलं.