मुठीत मावणारी मोटार

अमरावतीजवळचं लोणी आणि अकोला जिल्ह्यातलं माना. या दोन गावांच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्त्याची एक पट्टी सलग, रात्रंदिवस, १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि गिनीज बुकात वऱ्हाडाचं नाव लागलं. आता हाच रस्ता हॉट व्हील्सच्या मुठीत मावणाऱ्या गाड्यांसाठी करायचा म्हटला तर किती लांब होईल? फक्त १,१७२ मीटर. पायी पंधरा मिनिटांचा पल्ला. आणि डब्यातले सुटे भाग जोडून करतात ती जरा मोठी मोटार असेल, तर सव्वातीन किलोमीटरला थोडा कमी.

हे गणित एकदा डोक्यात शिरलं की सुटत नाही. रस्त्यावर उभी असलेली प्रत्येक गाडी टेबलावर केवढी होईल, याचा हिशेब मन आपोआप करायला लागतं. स्केल मॉडेलच्या छंदाची सुरुवात अशीच होते.

मारुती अंड्याहून हलकी

मोटारींच्या सुट्या भागांच्या डब्यावर, म्हणजे किटवर, बहुधा १:२४ असं छापलेलं असतं. खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलवर १ सेंटिमीटर. हा आकडा फूट-इंचांच्या काळातला आहे. अर्धा इंच म्हणजे एक फूट, इतका सोपा हिशेब. अँबेसेडर या मापात १८ सेंटिमीटरची होते, वीतभरसुद्धा नाही. मारुती ८०० होते १४ सेंटिमीटरची.

गंमत वजनात आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चोवीसपट घटतात, म्हणून वजन घटतं २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट. साडेसहाशे किलोंची मारुती भरते ४७ ग्रॅम. कोंबडीचं अंडं त्याहून थोडं जडच असतं.

१:४३ हे माप खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं. आगगाडीच्या शेजारी शोभतील म्हणून त्या मापाच्या मोटारी निघाल्या. रणगाड्यांचं १:३५ हे माप तर बॅटरीनं ठरवलं! जपानच्या तामिया कंपनीला रणगाड्याच्या पोटात मोटर आणि सेल बसवायचे होते. ते मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजलं तर माप १:३५ निघालं. आज जगभरचे कारखाने ते पाळतात.

काडेपेटीतला रोडरोलर

जॅक ओडेल या इंग्रज कारागिराच्या मुलीच्या शाळेत नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. वर्गातल्या सगळ्या मुलांना तसाच हवा झाला. त्यातूनच १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्यांची मालिका सुरू झाली. लोणी-माना रस्त्यावर ज्या यंत्रांनी विक्रम केला, त्यांच्याच जातीच्या यंत्रापासून जगातली एक लाडकी मालिका सुरू झाली, हे मला फार आवडतं.

पहिलं किट ट्रॅक्टरचं

एअरफिक्स हे किटच्या दुनियेतलं थोरलं नाव. विमानं, जहाजं, मोटारी, सगळं त्यांनी केलं. पण १९४९ मध्ये त्यांनी जे पहिलं किट बनवलं, ते होतं फर्ग्युसन ट्रॅक्टरचं. हॅरी फर्ग्युसनला आपल्या विक्रेत्यांच्या हातात द्यायला छोटा ट्रॅक्टर हवा होता. कारखान्यात तो एकेक भाग जोडून तयार करायचे, आणि ते काम फार किचकट होतं. मग कोणाला तरी सुचलं, भागच सुटे विकू, जोडेल घेणारा!

शेतकऱ्यासाठी बनलेल्या यंत्राचं मॉडेल, म्हणून हा छंद मला वऱ्हाडाच्या सख्ख्या नात्यातला वाटतो. त्याच फर्ग्युसनचं नाव लावून पुढं मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर चेन्नईत बनायला लागले आणि कपाशी-सोयाबीनच्या आपल्या शेतांत आले. आजही गावात कोणी नुसतं ‘मॅसी’ म्हटलं तरी पुरतं.

आपलं किट धांड्याचं

किट हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी वऱ्हाडातली पोरं मॉडेल जोडत होती. ज्वारीची कणसं खुडून झाली की शेतात धांडे उभे राहत. त्यातला वाळका, सरळ धांडा निवडायचा. नखानं वरचं सालपट सोलायचं. सालपट कडक आणि लवचीक, आतला भेंड पांढरा, हलका, दाबला की दबणारा. भेंडाचे तुकडे म्हणजे ठोकळे आणि सालपटाच्या काड्या म्हणजे खिळे. काडी भेंडात खुपसली की गच्च बसते. ना डिंक, ना सुतळी. आख म्हणून बाभळीचा लांब काटा, चाकं भेंडाच्या चकत्यांची.

माझे आबाजी अंगणात बसून शिकवत. मी घाईनं चाकं कापायला घेतली की म्हणत, “हे पाय, पहिले आख कर, मंग चाक.” का, ते चाक डगडगल्यावर कळायचं. आख सरळ नसेल तर चाकं कितीही गोल कापा, गाडी लंगडतेच. कित्येक वर्षांनी १:२४ च्या किटचा माहितीकागद उघडला तर तिथंही आधी इंजिन आणि सांगाडा, नंतर आस आणि चाकं, अंग सगळ्यात शेवटी. आबाजींनी तो कागद कधी पाहिला नव्हता. खऱ्या बैलगाडीचे आरे, धाव, जू आणि धुऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि धांड्याच्या गाडीत यातलं एकही वगळलेलं त्यांना चालत नसे.

चाकांवरच्या मॉडेलचा तर विदर्भात सणच असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल रंगवून, सजवून लेकरं मिरवतात. मुठीएवढ्या बैलापासून दोघांनी ओढायच्या बैलापर्यंत सगळी मापं तिथं दिसतात.

डिंक चिकटवत नाही, विरघळवतो

परदेशी किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा खास डिंक दोन भागांच्या मध्ये चिकट थर देत नाही. तो प्लॅस्टिकलाच क्षणभर पातळ करतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. जवळपास वेल्डिंगच. म्हणूनच डिंकाचा थेंब चुकून छपरावर पडला तर पुसायचा नाही. पुसलं की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. तसाच वाळू द्यायचा आणि मग पॉलिश पेपरनं घासायचा.

मे महिना, कूलर आणि नेलपेंट

अकोल्याचा पारा ४५ च्या वर चढला की अख्खा महाराष्ट्र बातम्यांत पाहतो. मॉडेल रंगवणाऱ्याला मात्र ती कोरडी हवा वरदान आहे. दमट हवेत लॅकर मारला की रंगावर पांढुरकी साय धरते, आणि किनारपट्टीवरच्या लोकांना पावसाळाभर हा त्रास असतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात ती भीतीच नाही. फक्त पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग दुपारी ब्रशवरच वाळतो, म्हणून तो पहाटे लावावा. आणि कूलरसमोर तर कधीच बसू नये. कूलर ओलावाही फेकतो आणि धूळही. दोन दिवस घासून गुळगुळीत केलेलं बॉनेट मी असंच एका दुपारी कूलरच्या झोतात घालवलं आहे.

रंगासाठी बांगड्यांच्या दुकानातलं नेलपेंट झकास चालतं. मोटारीसारखी चमक त्यात आधीच असते. फक्त आधी प्राइमरचा हात द्यायचा, नाहीतर त्यातला द्रव प्लॅस्टिक खातो. आणि रंग किंचित फिका करून घ्यायचा. खऱ्या गाडीचा रंग हुबेहूब लावला तर छोट्या मॉडेलवर तो गडद दिसतो. अनुभवी हात म्हणून त्यात पांढऱ्याचा एखादा थेंब टाकतात.

काळ्या मातीचं सोनं

नवी कोरी चकचकीत गाडी करणं सोपं. वापरलेली, धुळीनं माखलेली गाडी करणं अवघड. जगभरचे छांदिष्ट त्यासाठी डब्यांतून येणारी रंगीत भुकटी विकत घेतात. आपल्याला गरज नाही. साधी रेती चाकाला लावली तर अर्ध्या मिलिमीटरचा कण १:२४ च्या हिशेबानं १२ मिलिमीटरची गिट्टी होतो, आणि नाटक तिथंच उघडं पडतं. वऱ्हाडातल्या काळ्या कसदार मातीत मात्र चिकणमातीचा अंश भरपूर, आणि तिचे कण दोन हजारांश मिलिमीटरहूनही बारीक. मॉडेलच्या मापात मोजले तरी ते धूळच राहतात. शेतातली मूठभर माती वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि मऊ ब्रशनं चाकांच्या कमानीत फिरवायची. पांधणीतून आलेली जीप हुबेहूब उभी राहते.

तुरीच्या दाण्याएवढी नंबरप्लेट

आजच्या मोटारीची लांबट नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची. १:२४ मध्ये ती २१ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर उंच, म्हणजे उंची तुरीच्या दाण्याएवढी. तेवढ्यात एमएच-२७ लिहिलं की गाडी अमरावतीची, एमएच-३० लिहिलं की अकोल्याची. बुलढाणा २८, यवतमाळ २९. वाशीमचा आकडा मात्र ३७ कसा? कारण वाशीम जिल्हा उशिरा, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. जुन्या दिवसांतली गाडी करून तिला एमएच-३७ लावली तर जाणकार लगेच बोट ठेवतो, आणि त्यानं ठेवावंच. खरेपणाशिवाय या छंदात उरतं काय?

साचे समुद्र ओलांडून आले

इंग्लंडच्या डिंकी गाड्यांचे जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज निघाल्या. कॉर्गीच्या नमुन्याच्या गाड्या मिल्टन या नावानं निघाल्या. डोळ्यांना परदेशी, पण बुडाशी ‘मेड इन इंडिया’ कोरलेल्या या गाड्या आज जगभरचे संग्राहक शोधतात. पुढं लिओ मॅटेलनं हॉट व्हील्स इथं बनवल्या, तेव्हा रंग निराळे लागले, चाकं निराळी लागली, आणि तो वेगळेपणाच मोलाचा ठरला. घरातली जुनी ट्रंक आवरायला काढाल तेव्हा अशी एखादी गाडी भंगारात घालू नका. खपल्या निघालेला मूळ रंगही पुन्हा रंगवू नका, संग्राहकाला तोच हवा असतो.

संग्रहाचा विक्रम लेबनॉनच्या नबील करम यांनी नोंदवला. २०१६ मध्ये त्यांच्याकडे ३७,७७७ वेगवेगळ्या मॉडेल मोटारी मोजल्या गेल्या. रोज एक हातात घेऊन न्याहाळायची म्हटली तर १०३ वर्षं लागतील.

मॉडेलसाठी खरी गाडी खोलली

तामियाला पोर्शेचं १:१२ मॉडेल करायचं होतं. फोटो आणि आराखडे पाहून समाधान होईना, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सगळी खोलून मोजून काढली. १९७६ मध्ये मॉडेल बाजारात आलं. खेळण्यासाठी खरी मोटार खोलणं ज्यांना वेडेपणा वाटतो, त्यांनी ते मॉडेल एकदा हातात घेऊन पाहावं.

उलट टोकाला आपले अरविंद गुप्ता. पुण्यात टेल्कोत ट्रक बनवणारा हा अभियंता आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांपुढं बसला. काड्या म्हणजे दांडे, रबराचे तुकडे म्हणजे सांधे. एवढ्यावर घरं, पूल, घनाकृती उभ्या राहतात. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. तिथं काड्यांची ही पेटी मला मोठा दिलासा वाटते.

शकुंतला बसते बरोबर

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला २४ नं भागा. येतात पावणेबत्तीस मिलिमीटर. आणि जगभर मिळणारा ‘ओ’ गेजचा खेळण्यातला रूळ असतो ३२ मिलिमीटरचा! जणू आपल्या गाडीसाठीच पाडलेला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये थांबलं आणि डिझेल आलं. पुठ्ठा, पत्रा आणि सायकलच्या आऱ्या घेऊन ते जुनं इंजिन १:२४ मध्ये करता येईल, आणि मूर्तिजापूर स्टेशनाबाहेर त्याच मापाच्या मोटारी उभ्या करता येतील.

त्यात अँबेसेडर हवी, मारुती हवी. दोघींचंही उत्पादन २०१४ मध्येच संपलं. आणि त्यांच्याआधी हवी ती काळीपिवळी ट्रॅक्स. मागचं दार सताड उघडं, टपावर दोरीनं बांधलेली पोती आणि एक सायकल, मागच्या पायरीवर दोघं उभे, आणि आत इतकी माणसं की ड्रायव्हर दाराकडे अर्धा कललेला. मी सध्या तिच्या टपाची जाळी तांब्याच्या तारेतून वळतो आहे. पोती शिवून झाली आहेत, जुन्या धोतराच्या काठाची. सायकलची चाकं तेवढी अजून डगडगतात. आख सरळ नाही.